गोठ्याची खोली आणि परवानगीचा कागद

शेतकऱ्याने घरामागचा रिकामा गोठा दुरुस्त करून तो भाडेकरूला द्यावा, ही गोष्ट वरवर पाहता इतकी घरगुती आहे की तिचा नगररचनेच्या कायद्याशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु नवी मुंबईतील घणसोलीसारख्या गावाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहिला, तर अनधिकृत बांधकामांचा आजचा गुंता अशाच घरगुती गोष्टींतून वाढत गेला असे दिसते. गोठ्याची खोली झाली, खोल्यांची चाळ झाली आणि चाळीच्या जागी चार-पाच मजली इमारत उभी राहिली. या प्रत्येक पायरीवर शासनाने दोन प्रश्न विचारले. परवानगी घ्यावयास हवी होती काय, आणि ती घेतली होती काय? पहिल्याचे उत्तर बहुधा होकारार्थी असते, दुसऱ्याचे बहुधा नकारार्थी. ती परवानगी त्या माणसाला मिळण्यासारखी होती काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. घणसोलीच्या प्रश्नाचे मर्म त्या तिसऱ्या प्रश्नात आहे.

शेतीचा कारखाना

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली, रबाळे, गोठिवली, तळवली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, तुर्भे अशी आगरी-कोळ्यांची गावे एकाशेजारी एक वसली आहेत. भात, मीठ आणि मासळी हा त्यांच्या संसाराचा तिहेरी आधार होता. अशा गावातील घर म्हणजे नुसते राहण्याचे ठिकाण नव्हते. घराला लागून पडवी, मागे गुरांचा गोठा, बाजूला पेंढा आणि अवजारे ठेवण्याचा आडोसा, पुढे सारवलेले खळे, असा सारा पसारा मिळून शेतकऱ्याचा छोटासा कारखानाच होता. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जमीन हे उत्पादनाचे एक साधन आणि ही जोडघरे हे दुसरे. त्यातील एक काढून घेतले की दुसरे आपोआप निरुपयोगी होते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिलाही ही गोष्ट ठाऊक आहे. शेतीच्या इमारतीची व्याख्या करताना तिने अवजारे, खत, वैरण व धान्य साठविणे, गुरांना निवारा देणे आणि जमीनधारकाचे कुटुंबीय, नोकर अथवा कुळे यांना राहण्यासाठी जागा देणे, असे हेतू सांगितले आहेत. शेतजमिनीवर अशी इमारत उभारण्यास संहिता शेतकऱ्याला मोकळीक देते; पण हे सारे हेतू त्या जमिनीच्या वहिवाटीशी निगडित असले पाहिजेत, अशी तिची अट आहे. म्हणजे जमीन आहे तोवर गोठा हा गोठा. जमीन गेली की त्याचे कायद्यातील प्रयोजनच संपते. चार भिंती आणि छप्पर तेवढे उरते.

जमीन गेली, गोठा उरला

घणसोलीची जमीन दोन हप्त्यांत गेली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक पट्टा उभा राहू लागला. त्यासाठी गावांच्या जमिनींचा पहिला तुकडा पडला. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, १९७१ साली नव्या शहराचे विकास प्राधिकरण म्हणून तिची नेमणूक झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र नव्या मुंबईसाठी मुक्रर झाले. शेते, मिठागरे आणि खाजणे यांचे संपादन झाले. गावठाणे मात्र वगळण्यात आली.

गावठाण वगळण्यामागील हेतू चांगला होता. लोकांना घरातून उठवावयाचे नाही, असा तो निर्णय होता. पण त्याचा एक परिणाम कोणी पुरेसा लक्षात घेतला नाही. गावठाणाची हद्द जुन्या महसुली मोजणीतील होती आणि कुटुंबे वाढतच होती. पूर्वी मुलाचे लग्न झाले की हद्दीला लागून असलेल्या स्वतःच्या शेतात नवे घर बांधता येत असे. संपादनानंतर ते शेत सिडकोच्या नावावर गेले. हद्दीबाहेर शेताच्या कडेला ज्यांचे गोठे आणि आडोसे होते त्यांची स्थिती तर अधिकच चमत्कारिक झाली. भिंती ज्याने बांधल्या तो तेथेच राहिला आणि भिंतींखालची जमीन कागदोपत्री दुसऱ्याची झाली.

संपादनाचा मोबदला हा या गावांच्या दीर्घ संघर्षाचा विषय ठरला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. त्या बलिदानाच्या पार्श्वभूमीवर संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले आणि १९९० साली त्याचा शासन निर्णय निघाला. तत्त्व मोलाचे होते. परंतु जमीन जाणे आणि भूखंड हाती येणे यांत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. या मधल्या काळात कुटुंबाने खावयाचे काय?

उत्तर घरामागेच उभे होते. औद्योगिक पट्ट्यात देशभरातून कामगार येत होते. नव्या शहराने निरनिराळ्या उत्पन्न गटांसाठी घरे बांधली, पण ती विकत घेण्याची होती. पहिल्या पगाराची वाट पाहणाऱ्या माणसाला विकतचे घर नको असते, त्याला महिन्याच्या भाड्याची खोली हवी असते. ती खोली नव्या शहराच्या आराखड्यात फारशी नव्हती. ती गावात होती. गव्हाणीच्या जागी ओटा आला, कुडाच्या जागी विटांची भिंत आली आणि भाताचे पीक गेलेल्या घरात भाड्याचे पीक येऊ लागले. २००४ साली ठाणे-वाशी लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला होऊन घणसोलीस स्थानक मिळाले. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या आल्या आणि कामगाराच्या जोडीला कारकून, विद्यार्थी व नवखे तंत्रज्ञही खोली शोधत गावात येऊ लागले.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातील ‘विकास’ या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. बांधकाम म्हणजे विकास, हे तर उघडच आहे. पण इमारतीच्या अथवा जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हादेखील या व्याख्येप्रमाणे विकास होतो. एकही वीट न रचता गोठ्यात भाडेकरू ठेवला तरी कायद्याच्या दृष्टीने विकास घडलेला असतो आणि त्यास पूर्वपरवानगी लागते. कलम ४३ मध्ये काही अपवाद आहेत. इमारतीच्या बाह्य स्वरूपात फारसा फरक न पाडणारी दुरुस्ती, अथवा राहत्या घराला जोडलेल्या इमारतीचा त्या राहण्याला पूरक असा उपयोग, यांस परवानगी लागत नाही. गोठ्यात घरचे सरपण किंवा मोटारसायकल ठेवली तर ती सवलत मिळू शकेल. पण परक्या कुटुंबाने तेथे स्वतंत्र चूल मांडली की मामला निराळा होतो.

परवानगीसाठी कलम ४४ अन्वये अर्ज करावयाचा असतो. कलम ४५ असे सांगते की, अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळविला नाही आणि प्रस्ताव नियमांस धरून असेल, तर परवानगी दिली असे मानले जाईल. तरतूद उदार आहे. पण अर्जासोबत मालकीचा पुरावा, मोजणी नकाशा आणि परवानाधारक व्यक्तीने काढलेला आराखडा लागतो. आणि गावातील माणूस अडतो तो येथेच. अनेक घरांच्या नावाने मिळकत पत्रिका नाही. आजोबांच्या नावावरचे घर चार भावांत तोंडी वाटले गेलेले असते. हाती असतो तो ग्रामपंचायतीच्या काळातील नमुना ८ चा उतारा किंवा नंतरची महानगरपालिकेची कराची पावती. या दोन्ही गोष्टी कर आकारणीचा दाखला देतात. त्यांनी मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगीही सिद्ध होत नाही.

कारभाराची साखळीही काही कमी गुंतागुंतीची नाही. १९९१ अखेर गावात ग्रामपंचायत होती, नियोजनाचा अधिकार सिडकोकडे होता आणि शेजारच्या औद्योगिक पट्ट्यात तो औद्योगिक महामंडळाकडे होता. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. तरीही गावाभोवतालच्या संपादित जमिनीची मालकी सिडकोकडेच राहिली. म्हणून एकाच गल्लीतील दोन घरांपैकी एकाने महानगरपालिकेकडे जावयाचे आणि दुसऱ्याने प्रथम सिडकोची जमीन आपल्या नावावर करून घ्यावयाची, अशी स्थिती उद्भवली. २०२० सालच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहान भूखंडांवरील बांधकामांसाठी सोपी कार्यपद्धती आणली, हे स्वागतार्हच आहे. पण तिचाही आरंभ मालकीच्या कागदापासून होतो. ज्याच्याकडे कागद आहे त्याची वाट सोपी झाली. ज्याच्याकडे नाही तो होता तेथेच राहिला.

एकच शिक्षा, दोन गुन्हे

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरी चूक यापुढे आहे. विनापरवाना विकासाबद्दल अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये किमान एक महिना ते कमाल तीन वर्षे कारावास आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. गुन्हा चालूच राहिला तर दिवसाला दोनशे रुपयांपर्यंत अधिक दंड. या रकमा बांधकामाच्या आकाराशी जोडलेल्या नाहीत. गोठ्याची खोली करणारा आणि पाच मजले उभारणारा हे दोघेही त्या पाच हजारांच्या मर्यादेतच बसतात. बांधकाम पाडण्याची कलम ५३ ची नोटीसही दोघांना सारखीच.

शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, हा विचार इटालियन न्यायचिंतक बेकारिया याने १७६४ साली मांडला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७० साली त्याला अर्थशास्त्रीय रूप दिले. लहान गुन्ह्याला आणि मोठ्या गुन्ह्याला एकच शिक्षा असेल, तर लहान गुन्हा करणाऱ्याला मोठ्या गुन्ह्यापासून परावृत्त करणारे काहीच उरत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. गावठाणात नेमके हेच घडले.

केवळ हिशेब समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. जुन्या गोठ्याच्या जागी दोन नीट खोल्या काढण्यास चार लाख रुपये लागतात आणि प्रत्येक खोलीचे महिन्याचे भाडे पाच हजार रुपये येते, असे समजा. वर्षाचे उत्पन्न १ लाख २० हजार. चार लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने मिळाले तर पहिल्या वर्षीचे ४० हजार व्याज वजा जाता ८० हजार उरतात. संसार चालविण्यास हा आधार पुरेसा आणि मुद्दल फेडण्याजोगाही आहे. परंतु मंजूर नकाशा नसल्यामुळे बँक कर्ज देत नाही. मग चार लाख आणावयाचे कोठून? अशा वेळी एक गृहस्थ दाराशी येतात. जागा तुमची, पैसा माझा. चार मजले बांधू आणि निम्मे-निम्मे घेऊ. दोन खोल्यांवरही नोटीस येणार आणि चार मजल्यांवरही नोटीसच येणार. पहिल्या पर्यायात स्वतःचा पैसा बुडण्याची भीती आहे, दुसऱ्यात दुसऱ्याचा बुडणार आहे. असा हिशेब समोर असता गावकऱ्याने काय निवडले, याचे नवल वाटू नये. लोभ हे त्याचे एक कारण असेल. पण दोन खोल्यांची सरळ वाट बंद आणि चार मजल्यांची आडवाट उघडी, ही रचना शासनानेच करून ठेवली होती.

भाडेकरूची बाजू

या व्यवहारात घरमालक आणि बांधणारा यांची चर्चा फार होते. तेथे राहणाऱ्याची होत नाही. वस्तुतः धोका सर्वांत अधिक त्याच्याच माथी असतो. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाटा परिसरात एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मरण पावले. २७ जुलै २०२४ रोजी बेलापूरच्या शहाबाज गावात एक रहिवासी इमारत कोसळून तिघांचा अंत झाला. पाया किती खोल होता, सळई किती जाड होती, कोणत्या अभियंत्याने पाहिले, हे प्रश्न परवानगीच्या प्रक्रियेत विचारले जातात. परवानगीच नसली की ते विचारणारे कोणी उरत नाही.

गोठ्याच्या खोलीत इमारत कोसळण्याचा धोका कमी असतो. तेथे आरोग्याचा प्रश्न अधिक असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकच राहती खोली असेल तर तिचे क्षेत्र किमान साडेनऊ चौरस मीटर असावे आणि खोलीची उंची पावणेतीन मीटर असावी. गुरांसाठी बांधलेल्या, पाखे खाली उतरलेल्या गोठ्यात ही उंची सहसा मिळत नाही. खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडते. पावसाळ्यात जोत्यावरून ओल चढते. थोडी पाहणी आणि थोडी सक्ती यांनी हे दोष दूर होऊ शकतात. पण खोली सरकारी कागदावर अस्तित्वातच नसेल तर पाहणी कोण करणार?

भाड्याच्या कराराचेही तसेच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ५५ अन्वये भाड्याचा वा लिव्ह-लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम भाडेकरूच्या हिताचे आहे, आणि नीट पाहिले तर घरमालकाच्याही हिताचे आहे; कारण नोंदलेल्या करारामुळे मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याचा मार्ग सुकर होतो. तरीही आपल्या खोलीचा उल्लेख असलेला कागद सरकारदरबारी जाऊ नये, अशी ज्याची इच्छा आहे तो करार नोंदवीत नाही. परिणामी भाडेकरूला राहत्या पत्त्याचा पुरावा मिळत नाही, त्यावाचून इतर कागद अडतात आणि महिनाअखेरीस खोली खाली करण्यास सांगितले तर त्याला दाद मागण्यास आधार राहत नाही. मालकाची अनधिकृतता अशी भाडेकरूच्या आयुष्यात उतरते.

अभयाचे अर्थशास्त्र

शासनाने हा प्रश्न सोडविण्याचा प्रयत्नच केला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रकल्पग्रस्तांनी ‘गरजेपोटी’ बांधलेली घरे नियमित करण्याची घोषणा अनेकदा झाली. २५ फेब्रुवारी २०२२ च्या शासन निर्णयाने गावठाणाच्या हद्दीपासून अडीचशे मीटरपर्यंतची अशी घरे, सिडकोच्या राखीव दराच्या ठरावीक टक्केवारीने आकार घेऊन, नियमित करण्याचे ठरले. ‘गरजेपोटी’ हा शब्द या निर्णयात आला, ही महत्त्वाची गोष्ट आहे. सारी अनधिकृत बांधकामे सारखी नसतात आणि काहींमागे खरी गरज असते, हे शासनाने त्यायोगे मान्य केले.

तथापि नियमित करणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीला दिलेले अभय असते. अभयाची एक किंमत असते आणि ती नियम पाळणारा चुकवतो. ज्याने परवानगी मिळेना म्हणून गोठा तसाच पडू दिला, त्याला या निर्णयाने काहीच मिळाले नाही. ज्याने न विचारता बांधले त्याला मिळाले. असे दोन-तीनदा घडले की लोक एक धडा शिकतात. तो असा, की आधी बांधावे आणि मग निर्णयाची वाट पाहावी. प्रत्येक नवी मुदत ही पुढच्या मुदतीची आशा निर्माण करते. २०१५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दिघा येथील अनधिकृत इमारतींवर कारवाई सुरू झाली आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर येण्याची वेळ आली, तेव्हा त्या आशेचा दुसरा चेहरा दिसला. अभय मिळेल या भरवशावर घर घेणारा सामान्य माणूस शेवटी न्यायालयाच्या दारात उभा राहतो आणि तेथे त्याला सांगण्यासारखे फार थोडे असते.

बेकायदा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहे. तिनेही बांधकाम कायदेशीर होत नाही. पालिका कर घेते, शास्ती घेते आणि नोटीसही देते. नागरिकाच्या मनात यातून एवढेच ठसते की पैसे भरले तरी चालते आणि न भरले तरी चालते.

इतरत्र काय केले

शेतीची जुनी बांधकामे राहण्यासाठी वापरावयाची की नाहीत, हा प्रश्न एकट्या घणसोलीचा नाही. इंग्लंडमध्ये शेतीचे यांत्रिकीकरण होऊन धान्याची कोठारे आणि गोठे ओस पडले आणि ग्रामीण भागात घरांची टंचाई भासू लागली. तेथे २०१४ साली नियम बदलून अशा इमारतींचे घरांत रूपांतर करण्यास संपूर्ण नियोजन परवानगीची अट काढून टाकण्यात आली. स्थानिक संस्थेने केवळ ठरावीक बाबी तपासावयाच्या. रस्त्याची सोय, गोंगाट, जमिनीतील प्रदूषण, पुराचा धोका, बाह्य स्वरूप आणि खोल्यांत येणारा नैसर्गिक उजेड, अशी ती यादी आहे. ५६ दिवसांत उत्तर द्यावयाचे. २०२४ साली मर्यादा वाढवून एका शेतघटकात दहा घरे आणि एकूण एक हजार चौरस मीटर क्षेत्र अशी करण्यात आली. तेथील ग्रामीण भाग आणि घणसोलीची दाट वस्ती यांची तुलना अर्थातच पूर्णतः होऊ शकत नाही. घेण्यासारखे आहे ते एक तत्त्व: लहान बदलासाठी लहान परवानगी असावी आणि तिच्यातील प्रश्न मोजके, पण खरे असावेत.

महाराष्ट्रातही हे तत्त्व अपरिचित नाही. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरण स्वीकारले. शेतकऱ्याने आपल्या शेतावर खोल्या राखून पाहुण्यांना भाड्याने द्याव्यात, यास त्यात प्रोत्साहन आहे. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी शेतकऱ्याने शहरी पाहुण्याला दोन रात्री ठेवले तर तो उद्योजक ठरतो आणि घणसोलीत शेती गमावलेल्याने कामगाराला दोन वर्षे ठेवले तर तो गुन्हेगार ठरतो. दोन्ही ठिकाणी शेतकरी तोच आणि भाडेही तेच. फरक इतकाच की, घणसोलीच्या शेतकऱ्याची शेती सार्वजनिक कामासाठी घेतली गेली आहे.

मोजणीच्या बाबतीतही असेच आहे. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाची मोजणी करण्याचा प्रयोग झाला. पुढे २०२० साली केंद्र शासनाची स्वामित्व योजना आली आणि ग्रामीण घरांना मिळकतीचे कागद मिळू लागले. परंतु ही योजना ग्रामीण भागासाठी आहे. घणसोलीचे गावठाण १९९२ पासून महानगरपालिकेत आहे. शहर झाल्यामुळे ते गावाच्या योजनेला मुकले आणि गाव राहिल्यामुळे शहराच्या नियमांत बसेना.

काय करता येईल

यावर नगररचनाकारांचे आक्षेप आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. गल्ल्या अरुंद आहेत, अग्निशमनाची गाडी आत जात नाही. जलवाहिन्या आणि गटारे मूळ लोकसंख्येच्या हिशेबाने घातलेली आहेत. एका खोलीला परवानगी दिली की दहा खोल्या होतील, अशी भीती त्यांना वाटते. पण या आक्षेपांतून परवानगी नाकारावी असा निष्कर्ष निघत नाही. परवानगी नाकारूनही लोकसंख्या वाढलीच, गटारे तुंबलीच आणि गल्ल्या अधिक अरुंद झाल्या. उलट तळमजल्याची खोली तपासून, मोजून परवानगीच्या कक्षेत आणली असती, तर नेमकी किती माणसे कोठे राहतात हे पालिकेला कळले असते आणि पाण्याचे व मलनिःसारणाचे नियोजन त्या आधारे करता आले असते.

पहिली आवश्यकता मोजणीची आहे. नवी मुंबईच्या प्रत्येक गावठाणाची आणि भोवतालच्या विस्ताराची घरवार मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या पाहिजेत. संपादित जमिनीवर जी मूळ घरे आणि गोठे आहेत त्यांच्या जमिनीचा प्रश्न सिडकोने एकदाच निकालात काढावा. हे झाल्यावाचून बाकी सारे कागदावरच राहील.

दुसरे असे की, आकारमानानुसार दोन स्वतंत्र वाटा असाव्यात. अस्तित्वात असलेला गोठा, पडवी वा आडोसा यांचे तळमजल्यावर, फार तर एक मजला चढवून, राहण्याच्या खोल्यांत रूपांतर करावयाचे असेल, तर पालिकेच्या विभाग कार्यालयातच अर्ज घेतला जावा. खोलीचे क्षेत्र, उंची, खिडकी, शौचालय, सांडपाण्याची जोडणी, विजेची सुरक्षित जोडणी आणि बांधकामाची भक्कमता, एवढेच प्रश्न विचारावेत. नमुना नकाशे कार्यालयातच मिळावेत, म्हणजे दोन खोल्यांसाठी वास्तुविशारदाचे शुल्क भरण्याची पाळी येणार नाही. ठरावीक दिवसांत उत्तर न आल्यास कायद्यातील मानीव परवानगीची तरतूद येथे प्रत्यक्षात उतरावी.

तिसरी गोष्ट कठोरपणाची आहे. त्याहून मोठ्या बांधकामाला दंड क्षेत्रफळाच्या आणि बाजारभावाच्या प्रमाणात असावा आणि तो पैसा लावणाऱ्याकडून वसूल व्हावा. नियमित करण्याची तारीख एकच आणि अखेरची असावी. त्या दिवशीची स्थिती उपग्रहचित्रांवरून नोंदवून ठेवली तर नंतरचा मजला आधीचा म्हणून दाखविता येणार नाही. लहान माणसासाठी वाट मोकळी केल्यावर मोठ्यावर कारवाई करण्याचा नैतिक अधिकारही शासनास प्राप्त होतो. आज तो दुबळा आहे, कारण पाडकामाचे यंत्र गावात शिरले की बिल्डर नेहमीच गोठेवाल्याच्या आडोशाला उभा राहतो.

चौथी गोष्ट भाडेकरूची. ज्या खोलीला ही लहान परवानगी मिळेल तिचा भाडेकरार नोंदविणे घरमालकाला सोपे व स्वस्त व्हावे आणि अशा खोल्यांना मालमत्ता करात काही वर्षे सवलत द्यावी. करार नोंदविण्यात फायदा आहे असे दिसले की तो नोंदविला जाईल. बँकांनीही अशा मंजूर लहान रूपांतरांसाठी कर्ज द्यावे. दोन खोल्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले की चार मजल्यांचा प्रस्ताव घेऊन येणाऱ्या गृहस्थाला दारातूनच परत पाठविण्याचे बळ घरधन्याला येईल.

नव्या मुंबईचे स्वप्न पाहणाऱ्या नियोजनकारांनी मुंबईवरील ताण कमी व्हावा म्हणून खाडीपलीकडच्या शेतकऱ्यांकडे जमीन मागितली आणि ती मिळविली. ज्यांनी जमीन दिली त्यांच्याकडे नंतर उरलेले एकमेव भांडवल म्हणजे घरामागच्या त्या चार भिंती होत. त्या भिंतींतून प्रामाणिक उत्पन्न मिळविण्याची वाट शासनाने त्यांना नियमपूर्वक दाखविली असती, तर नव्या शहराला स्वस्त भाड्याची हजारो सुरक्षित खोल्या सरकारी तिजोरीला फारसा भार न पडता मिळाल्या असत्या. उशीर झाला आहे, पण संधी संपलेली नाही. गावठाणांत अजून अनेक घरे एक-दोन मजल्यांचीच आहेत. ती तशी राहावीत असे वाटत असेल, तर नियम मोडणाऱ्याला अभय देण्याआधी नियम पाळू इच्छिणाऱ्याला पाळता येईल असा नियम करावा लागेल.